मानेचा होकार

वीस वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याच्या मानेवर भरवसा ठेवला, यात तिचं काय चुकलं, असं कोणीही विचारील. संसारात ठेवला असता तर काहीच चुकलं नसतं. पण ताई आणि त्यांचे यजमान दोघंही एकाच खोलीत, शेजारीशेजारी बसून विमानांची ये-जा सांभाळत, आणि ताईंनी तो भरवसा तिथे, कामाच्या खुर्चीत बसून ठेवला.

ती खोली आधी नीट बघून घ्या. विमानांवर लक्ष ठेवणारी माणसं म्हटलं की लोकांना तो उंच काचेचा मनोरा आठवतो. ताई तिथे बसत नसत. त्या बसत तळमजल्यावर, एकही खिडकी नसलेल्या रडारच्या खोलीत. आकाशाशी जन्माचं नातं, आणि कामाच्या वेळी आकाशाचा तुकडाही दृष्टीस पडत नाही, ही गंमत त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. खोलीत कायम अंधूक उजेड आणि एसी इतका कडक, की बारा महिने प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर लटकलेला. समोर मोठे पडदे, पडद्यावर सरकणारे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या विमानाचा नंबर आणि उंची.

आकाशाचे तिथे वाटे केलेले असत. पश्चिमेचा वाटा ताईंकडे, पूर्वेचा बहुतेक वेळा यजमानांकडे. एका वाट्यातून दुसऱ्यात जाताना विमानाने कोणत्या उंचीवर असावं, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात काही बदल करायचा असेल तर अगोदर शेजाऱ्याला विचारायचं, शेजाऱ्याने हो म्हणायचं, आणि मगच वैमानिकाला सांगायचं. साधा शेजारधर्म आहे. आपल्या मोरीचं पाणी न विचारता दुसऱ्याच्या अंगणात कोणी सोडतं का? इथे पाण्याऐवजी दीड-दोनशे माणसं असतात, एवढाच काय तो फरक.

हे विचारण्यासाठी दोन शेजाऱ्यांमध्ये एक लाईन असते. बटण दाबलं की आवाज थेट दुसऱ्याच्या हेडफोनमध्ये. त्या लाईनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. नियम असा, की जे काही ठरवायचं ते लाईनवरच ठरवायचं, आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं. नियम उत्तम होता. पण हात लांब केला तर ज्याच्या खांद्याला लागेल, त्या माणसाशी फोनवर काय बोलायचं? म्हणून त्या खोलीत वर्षानुवर्षं एक मुकी भाषा चालत आलेली. अंगठा वर केला की ‘याला वर चढवू का?’ तळहात खाली दाबला की ‘खाली आणतो.’ दोन बोटं वळवली की ‘माझं मी बाजूला काढतो, तू तुझं चालू दे.’ आणि समोरच्याने मान डोलावली की व्यवहार पक्का. नवीन आलेल्याला हे कोणी शिकवत नसे. तो आठवडाभर मागे उभा राहिला की आपोआप शिके.

या भाषेतले सगळ्यात मोठे पंडित म्हणजे ताईंचे यजमान. खोलीत त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. वैमानिकांशी जेवढं बोलावं लागे तेवढं बोलून त्यांचा दिवसाचा शब्दांचा साठा संपायचा. घरी आले की चहा हवा, मान. भाजीत मीठ जास्त झालं, मान, पण आडवी. लग्न ठरवण्याच्या बैठकीतसुद्धा ‘मुलगी पसंत आहे का’ या प्रश्नावर त्यांनी मानच डोलावली होती, आणि ताईंचे वडील बायकोला म्हणाले होते, “मुलगा विचारी दिसतो.” ताईंचं तोंड मात्र सकाळी उघडलं की रात्री मिटायचं. “आमच्या घरात दोघांच्या वाट्याचं मी एकटीच बोलते,” असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं.

पण कामाला ही जोडी म्हणजे सोन्यासारखी. दोघं शेजारीशेजारी बसले की शिफ्टचे मुख्य, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते निवांतपणे आपला चष्मा पुसत बसायचे. अंगठा, मान, अंगठा, मान. लाईनचं बटण तासन् तास कोणी दाबत नसे. ताईंना नवऱ्याची मान डोळ्यांच्या कोपऱ्यातून नुसती जाणवली तरी पुरे. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

मग मौनीबाबांची मान धरायला लागली.

इतकी वर्षं पडद्याकडे बघून बघून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला. दर तासाला हनुवटी छातीला टेकवायची, सावकाश वर आणायची, पुन्हा टेकवायची. ताईंनीच तो घरी आरशासमोर उभं करून त्यांच्याकडून घोटून घेतला होता. “ऑफिसातही करायचा, विसरायचं नाही,” हेही त्यांनीच बजावलं होतं.

त्या दुपारी गर्दीही नव्हती. हवा स्वच्छ होती. ताईंकडच्या एका विमानाला फार धक्के बसत होते, वैमानिक वरची उंची मागत होता, आणि सीमा जवळ आली होती. वरच्या उंचीवर पूर्वेकडून एक विमान समोर येत होतं, ते ताईंना पडद्यावर दिसतही होतं. त्यांनी डावीकडे अंगठा वर केला. मौनीबाबांची मान खाली गेली, वर आली. म्हणजे हो. म्हणजे समोरचं विमान ते बाजूला काढणार. ताईंनी वैमानिकाला वर चढायला सांगितलं आणि दुसऱ्या विमानाकडे वळल्या.

मौनीबाबा हनुवटी छातीला टेकवून सावकाश वर आणत होते. त्यांनी ताईंकडे पाहिलंही नव्हतं.

धोक्याची घंटा वाजली तेव्हा दोघांनी एकाच वेळी पडद्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही तोंडून एकाच वेळी शब्द निघाले. ताईंनी आपलं विमान उजवीकडे वळवलं, मौनीबाबांनी आपलं. घाईने, पण बरोबर. दोन्ही विमानं एकमेकांच्या बाजूने निघून गेली. पण जेवढं अंतर राहायला हवं होतं तेवढं राहिलं नाही, निम्मंही राहिलं नाही. प्रवाशांना कशाचा पत्ताही लागला नसेल. कोणी झोपला असेल, कोणी खिडकीतून ढग बघत असेल. ताईंनी मात्र हेडफोन काढून टेबलाच्या कडेला ठेवला, तो खाली पडला, आणि तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीतून उठवलं. त्यांच्या जागी दुसरा माणूस बसला.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला ताईंना जिन्यात गाठून म्हणाला, “ताई, लाईन खराब होती म्हणून सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. लाईन खराब असतेच हो आपली.”

“लाईनचं मी बटणच दाबलं नव्हतं,” ताई म्हणाल्या.

“ते कोणाला माहीत आहे?”

“मला.”

चौकशीच्या खोलीत तीन जण बसले होते. मधल्याने विचारलं, “पूर्वेची संमती तुम्हाला कशी मिळाली?”

“मिळाली नव्हती. मी मान हललेली पाहिली.”

“हे असं नेहमी होतं?”

बाहेर सगळी खोली कान लावून बसली आहे हे ताईंना कळत होतं. त्या म्हणाल्या, “रोज. आम्ही सगळेच करतो.”

झालं. मौनीबाबांना ताकीद मिळाली. ताईंची खुर्ची गेली. पुन्हा शिकायचं, परीक्षक पाठीशी बसवून खऱ्या विमानांवर पुन्हा परीक्षा द्यायची, पास झालात तर खुर्ची परत. आणि बाकी सगळ्यांना हुकूम निघाला, की यापुढे खाणाखुणा बंद, प्रत्येक गोष्ट लाईनवर, आणि म्हटलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं. लोक वैतागले. दिवसाचं बोलणं दुप्पट झालं, घसे बसायला लागले. “एकीची चूक आणि शिक्षा सगळ्या पंगतीला,” असं कोणीतरी चहाच्या टेबलावर म्हणालं, ताईंना ऐकू जाईल अशा बेताने. ताईंनी चहा तिथेच बसून संपवला, कप धुऊन जागेवर ठेवला आणि मगच उठल्या. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. पण मधेच उठून गेलं असतं तर पुन्हा त्या टेबलावर बसता आलं नसतं, हे त्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी पर्स खुंटीला लावली आणि जाहीर केलं, “आजपासून या घरात मान चालणार नाही. ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने सांगायचं.”

मौनीबाबांनी मान डोलावली.

“बघा!” ताई म्हणाल्या. “हीच ती. हिच्यापायीच सगळं झालं.”

पुढचे कितीतरी दिवस घरात नुसती धमाल होती. ताई विचारायच्या, “चहा?” मान डोलायची. चहा यायचा नाही. मौनीबाबा पेपर वाचत अर्धा तास वाट बघायचे, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन घसा खाकरून म्हणायचे, “चहा.”

“चहा काय? हवा की नको?”

“हवा.”

“तुम्हाला चहा हवा आहे. बरोबर?”

“अगं, बरोबर!”

“मग आता मिळेल.”

सासूबाई बाहेरच्या खोलीतून हे सगळं ऐकत. एक दिवस त्या म्हणाल्या, “सूनबाई, तू काहीही म्हण, पण या निमित्ताने माझ्या मुलाचा आवाज कानावर पडतोय. मला तर वाटायला लागलं होतं, हा मुकाच झालाय की काय.” मौनीबाबांनी आईकडे असं पाहिलं की शब्दांची गरजच नव्हती. पण ताईंनी तेही चालवून घेतलं नाही. “काय म्हणायचंय ते म्हणा,” असं त्यांनी सांगितलं, आणि मौनीबाबांना “काही नाही” हे दोन शब्द खर्च करावे लागले.

गमतीच्या खाली एक गोष्ट होती, तिला दोघंही हात लावत नव्हते. मौनीबाबांना लागलं होतं. आपली मान चुकीच्या वेळी हलली याचं त्यांना दुःख होतंच, पण बायकोने इतक्या वर्षांचं समजून घेणं एका दिवसात मोडीत काढलं, हे त्याहून जास्त लागलं होतं. ताईंना ते दिसत होतं. दिसत असूनही त्या ढळल्या नाहीत. खुर्ची परत मिळवायची तर डोक्यातली ती सवय मुळासकट उपटली पाहिजे, आणि घरात तिला पाणी घालून ऑफिसात ती सुकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या.

आणि नापास कशापायी झाल्या? तर सावधपणापायी. एकेक गोष्ट त्यांनी तीनतीनदा विचारली. होकार येईपर्यंत बटणावर बोट ठेवून थांबल्या. तेवढ्यात मागून येणारी विमानं एकमेकांच्या जवळ यायला लागली, आणि शेवटी परीक्षकांनाच मधे पडावं लागलं. परीक्षक हडकुळे गृहस्थ होते, गरम पाण्याचा थर्मास घेऊन हिंडायचे आणि हळू बोलायचे. ते म्हणाले, “चूक एकही केली नाहीत. पण या कामात थांबणं हीसुद्धा चूक होऊ शकते.” साहेबांनी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की आता एकच संधी. ती हुकली तर वरच्या मजल्यावर, वेळापत्रकांच्या विभागात. कायमचं. “तिथे वाईट नाही ताई,” ते म्हणाले. “खिडकी आहे.”

ताईंना खिडकी नको होती. त्यांना ते स्वेटर लटकवलेलं, अंधूक, थंडगार भुयार हवं होतं. घरी येऊन त्या रडल्या, अगदी हमसून. मग तोंड धुऊन मास्तरांना फोन केला.

मास्तर म्हणजे निवृत्त झालेले कंट्रोलर. नव्या मुलांना खोट्या रडारवर, खोटी विमानं सोडून शिकवत. त्यांनी ताईंना पुढचे काही आठवडे रोज सकाळी बसवलं. ताई विचारत, मास्तर शेजाऱ्याची भूमिका करून मुद्दामच उत्तर देत नसत, आणि ताई अडकत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मास्तरांनी सगळी खोटी विमानं जागच्या जागी थांबवली आणि म्हणाले, “तुम्ही विचारता ते बरोबर विचारता. पण विचारून झालं की हात बांधून बसता. शेजाऱ्याने हो म्हटलं नाही तर काय करायचं, ते बटण दाबायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. होकार आला तर उत्तम. नाही आला तर तुमच्या अंगणात तुम्ही काय कराल?”

“माझ्या अंगणात?”

“तुमच्या हद्दीत तुम्हाला कोणाला विचारायचं नाही. तिथे तुम्ही मालकीण आहात. हे तुम्ही विसरूनच गेलाय. तुम्हाला इतकी वर्षं ‘हो’ फुकट मिळालं ना, म्हणून.”

हे ताईंना झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच पटलं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक विमानासाठी मनात दोन वाटा आखायला लागल्या, एक होकाराची आणि एक आपल्या हद्दीतली. आधी डोकं दुखायचं. मग भाजी चिरतानासुद्धा हात आपोआप तसा चालायला लागला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पूर्वेला आभाळ भरून आलं होतं. पडद्यावर वादळी ढगांचे लाल पट्टे, आणि पूर्वेची सगळी विमानं त्यांना वळसा घालायला निघालेली. त्यातच पूर्वेच्या टेबलावरच्या माणसाला ताप भरला आणि तो घरी गेला. साहेबांनी शिफ्टचा तक्ता उलटासुलटा करून पाहिला. चौकशीनंतर या नवरा-बायकोला पुन्हा शेजारी बसवायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. पण एवढ्या वादळात पूर्व सांभाळेल असा माणूस त्या दुपारी एकच होता.

साहेब ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, “परीक्षा पुढे ढकलतो. परीक्षकांशी मी बोलतो. शेजारी कोण बसणार आहे ते बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मग?”

“ढकलू नका,” ताई म्हणाल्या. “उद्या पास झाले तरी कधीतरी शेजारी तेच बसणार आहेत. आजच होऊ दे.”

मौनीबाबा येऊन बसले. खुर्ची पुढे ओढली, हेडफोन लावला. मग बायकोकडे बघून म्हणाले, “जमेल?” तोंडाने म्हणाले. ताईंनी “जमेल” म्हटलं, आणि दोघं आपापल्या पडद्याकडे वळले. परीक्षक ताईंच्या मागे थर्मास मांडीवर घेऊन बसले.

पहिला तासभर सुरळीत गेला. ताई विचारत होत्या, पूर्वेकडून उत्तर येत होतं, पूर्वेकडून विचारणा येत होती, ताई ती पुन्हा म्हणून दाखवत होत्या. मग वादळ आणखी पसरलं. मौनीबाबांकडे एकामागून एक वैमानिक डावीकडे वळू द्या, उजवीकडे वळू द्या, मागायला लागले. त्यांना श्वास घ्यायची उसंत मिळेना. आणि नेमकं तेव्हाच ताईंच्या एका वैमानिकाने वरची उंची मागितली. विमान भरलेलं होतं, धक्के फार बसत होते, मागे लोक ओकायला लागले आहेत, असं तो म्हणाला. विमान सीमेकडे निघालं होतं.

ताईंनी दोन्ही वाटा मनात आखल्या आणि बटण दाबून हाक मारली, आधी शेजाऱ्याचं नाव, मग आपलं. “पूर्व, पश्चिम.”

उत्तर नाही. मौनीबाबा तिसऱ्याच वैमानिकाशी बोलत होते.

“पूर्व, पश्चिम.”

मौनीबाबांनी बोलता बोलताच मान वळवली. त्यांनी ताईंच्या पडद्यावर नजर टाकली, विमान पाहिलं, सीमा पाहिली. काय हवंय ते त्यांना क्षणात कळलं. कळणारच, पंधरा वर्षं दोघं शेजारी बसले होते. त्यांनी ताईंच्या डोळ्यांत सरळ बघून मान डोलावली. एकदाच, अगदी स्पष्ट. व्यायामाची नव्हे. ज्या मानेने त्यांनी लग्नाला होकार दिला होता, मुलीच्या शाळेला, आईच्या ऑपरेशनला होकार दिला होता, तीच ही मान. वैमानिकाशी चाललेलं त्यांचं बोलणं एका शब्दानेही तुटलं नव्हतं.

ताईंच्या मागे परीक्षकांचं पेन थांबलं. चष्मेवाला पलीकडून बघत होता. शब्द ओठांवर आले होते. ‘वर चढा’ एवढे दोन शब्द, की विमान सुटलं, परीक्षा सुटली, खुर्ची आपली. होकार खरा होता. हे ताईंइतकं जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

ताईंनी एक क्षणही न दवडता वैमानिकाला सांगितलं, “डावीकडे वळा. वळता वळता वर चढा. थोडा वळसा पडेल, पण हवा आत्ताच शांत मिळेल.”

विमान सीमेच्या अलीकडेच वळलं आणि ताईंच्या हद्दीत, कुणाच्याही वाटेत न येता, वर चढायला लागलं. मौनीबाबांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या मानेला त्या खोलीत आजवर कोणी असं झिडकारलं नव्हतं. जरा वेळाने त्यांचा आवाज लाईनवर आला, कोरडा. “पश्चिम, पूर्व. बोला.”

ताईंनी विमानाचा नंबर सांगितला, नवी उंची सांगितली, कुठून सीमा ओलांडेल ते सांगितलं. मौनीबाबांनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं आणि म्हणाले, “मान्य.” ताईंनी विमान उजवीकडे वळवून पुन्हा मूळ वाटेला लावलं. तोवर वैमानिक आभार मानून मोकळा झाला होता. मागची विमानं आपापल्या अंतरावर होती. कोणी थांबलं नव्हतं, कोणी तुंबलं नव्हतं.

वादळ सरकलं, दोघांच्या जागी दुसरी माणसं आली, आणि परीक्षकांनी त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत बोलावलं. थर्मासमधून कपात पाणी ओतत ते म्हणाले, “पूर्वेने मान डोलावली होती. मी बघितली.”

“मीही बघितली.”

“तुमचे यजमान आहेत ना ते?”

“हो.”

“तरी विमान वळवलंत. दोन-चार मिनिटांचं इंधन जास्त गेलं त्याचं. समजा, मी हे तुमच्या विरुद्ध धरलं तर?”

ताई म्हणाल्या, “धरा. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तसंच करीन. मग मला खिडकीत बसवा.”

परीक्षकांनी पाणी संपवलं, कप झाकणासारखा थर्मासवर बसवला आणि कागदावर सही केली. “या वेळी कोणाला थांबवलं नाहीत,” ते म्हणाले. “उद्यापासून खुर्ची तुमची.”

बाहेर आल्यावर चष्मेवाल्याने लांबूनच अंगठा वर केला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, उठून जवळ आला आणि म्हणाला, “अभिनंदन, ताई.” साहेबांनी हात जोडले. ताई सगळ्यांशी हसून बोलल्या, पण त्यांची नजर मौनीबाबांना शोधत होती. ते स्वेटर घेऊन आधीच निघून गेले होते.

ते गाडीत बसलेले सापडले, गाडी सुरू न करता. ताई शेजारी बसल्या. पट्टा लावला.

“पास झाले.”

“कळलं. साहेबांचा फोन आला.” मग ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, आणि इतकं लांबलचक बोलणं त्यांच्या तोंडून ताईंनी क्वचितच ऐकलं होतं, “व्यायाम नव्हता तो. मी तुझ्याकडे बघत होतो. तुझं विमान बघून, माझी वाट मोकळी करून, मगच मान डोलावली होती. खरा होकार होता माझा. तुला कळलं नाही?”

“कळलं होतं.”

“खरा आहे हे माहीत होतं?”

“पक्कं माहीत होतं.”

“मग?” त्यांचा आवाज चिरकला. “मग माझ्यावर विश्वास का नाही ठेवलास?”

ताई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशीही मला असंच पक्कं माहीत होतं.”